आधी देतो, मग घेतो : 'हाऊस ऑफ गेम्स' बघितला त्याबद्दल

मी लातूरला मेडिकल चालवतो. रात्री दहाला शटर ओढून घरी यायला साडेदहा होतात, त्यामुळं आमच्याकडं पिक्चर म्हणजे जेवण झाल्यावर लावायचा आणि अर्ध्यात झोप लागायची असा प्रकार असतो. हा मात्र एका बैठकीत बघितला, दुसऱ्या दिवशी मधला एक तुकडा परत लावून बघितला, आणि तेव्हापासून डोक्यातून जाईना म्हणून लिहायलो. पिक्चर जुना आहे, 1987 चा, अमेरिकेतला, इंग्रजी. भाच्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडून लावून दिला, खाली इंग्रजी अक्षरं येतात ती वाचत वाचत बघितला. गाणी नाहीत, गाड्या उडत नाहीत, एक तास बेचाळीस मिनिटांचा आहे, आणि जवळपास सगळा रात्रीचा आहे. ओले रस्ते, दुकानांचे लाल-निळे दिवे, सिगारेटचा धूर. शूटिंग सिएटल शहरात झालंय म्हणे.

आधीच सांगतो, पहिल्या अर्ध्या भागातल्या गोष्टी मी खाली लिहिणार आहे, त्याशिवाय बोलताच येत नाही. दुसऱ्या अर्ध्यातलं काय घडतं ते उघड करून सांगणार नाही.

डॉ. मार्गारेट फोर्ड नावाची मानसोपचार डॉक्टर आहे. मोठं नाव आहे तिचं, माणसाला एखाद्या गोष्टीची सवय कशी जडते यावर लिहिलेलं तिचं पुस्तक धडाधड खपायलंय, लोक रस्त्यात सही मागतात. केस बारीक कापलेले, कपडे एकदम कडक, चेहऱ्यावर हसू नाही, दिवसभर लोकांची दुःखं ऐकायची आणि वहीत लिहायची. तिची एक म्हातारी गुरू आहे, ती तिला म्हणते की बाई जरा जग, सारखं काम काम करू नको. तिच्याकडं एक जुगारी पेशंट येतो, म्हणतो मी पंचवीस हजार डॉलर हरलोय, उद्यापर्यंत दिले नाहीत तर ते लोक मला मारून टाकतील, आणि तुम्ही नुसत्या बोलता, करत काहीच नाही. हे वाक्य तिला लागतं. ती रात्री एकटी उठून त्या अड्ड्यावर जाते, त्या माइक नावाच्या माणसाला जाब विचारायला. तो वही काढून दाखवतो, पोरगं फक्त आठशे डॉलर देणं लागतं. आणि म्हणतो, हे आठशे पण मी सोडून देतो, तुम्ही माझं एक छोटं काम करा.

इथंच ती फसली. म्हणजे आपल्याला हे कळतं खूप नंतर, पण फसण्याची जागा ही आहे. माणूस आधी काहीतरी सोडून देतो, आणि मग आपण त्याचं देणं लागतो असं आपल्याला वाटायला लागतं.

काम काय तर आत पत्त्यांचा डाव चालू असतो, पोकर. समोर लास वेगासहून आलेला एक मोठा खेळाडू बसलाय. माइक म्हणतो, हा थाप मारताना बोटातली अंगठी फिरवतो, पण मी बघायलोय हे त्याला कळलंय म्हणून तो आता फिरवत नाही, मी मधेच उठून बाथरूमला जातो, तेवढ्यात तुम्ही बघा. याला ते लोक 'टेल' म्हणतात, म्हणजे तोंडानं खोटं बोललं तरी अंग खरं बोलतं ती जागा. आपल्याकडं पोळ्याला दिवाळीला गावागावात तिरट बसतं तिथं जुने खेळणारे हेच करतात, पत्त्यांकडं बघतच नाहीत, समोरच्याच्या गळ्याकडं बघतात आवंढा गिळतो का म्हणून. पोकर मला येत नाही पण तो सीन समजायला काही अडचण आली नाही. त्याच्या आधी माइक तिला एक साधा खेळ दाखवतो, नाणं एका मुठीत लपवा, मी ओळखतो कोणत्या हातात आहे. लहानपणी चिंचोक्यानं आपण सगळे खेळलोय ते. तो बरोबर ओळखतो, परत ओळखतो, आणि कसं ते सांगतो. तिला लई आवडतं ते. दिवसभर दुसऱ्यांचं मन वाचणाऱ्या बाईचं मन कोणीतरी वाचलं ना, त्याचं अप्रूप वाटतं तिला, ते चेहऱ्यावर दिसतं.

मग ती बघते, तो माणूस अंगठी फिरवतो. ती माइकला खुणावते, डाव वाढतो, माइककडं सहा हजार कमी पडतात, आणि ही स्वतःहून म्हणते मी देते. स्वतःहून! त्यानं मागितलेले नाहीत. आणि माइक हरतो. समोरचा पिस्तूल काढून टेबलावर ठेवतो, पैसे टाका म्हणतो, ही चेकबुक काढून चेक लिहायला लागते, आणि लिहिता लिहिता तिला दिसतं की पिस्तुलाच्या तोंडातून पाण्याचा थेंब गळायलाय. खेळण्यातलं पिस्तूल. सगळे सामील होते, तो पेशंट सोडून बाकी अख्खं टेबल तिच्या सहा हजारांसाठी मांडलेलं होतं. म्हणजे पेशंटचं आत्ता काही बोलत नाही मी.

तो पाण्याचा थेंब बघून मी ताडकन उठून बसलो. आणि पुढं जे होतं ते त्याहून भारी आहे, ती चिडत नाही, पोलिसात जात नाही, ते सगळे हसायला लागतात, ओळख करून देतात, आणि तिला मजा वाटायला लागते! घरी जाते आणि आठवून आठवून खूश होते. मग परत तिथंच जाते, म्हणते मला तुमच्या धंद्यावर लिहायचंय, मला शिकवा. इथून पुढं पिक्चर खरा सुरू होतो.

दिग्दर्शक डेव्हिड मॅमेट. मूळ नाटककार माणूस, 1984 साली त्याला नाटकासाठी पुलित्झर हे तिकडचं मोठं बक्षीस मिळालेलं आहे, आणि हा त्याचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच पिक्चर. नाटकवाला आहे हे बोलण्यातून कळतं. पात्रं तुटक बोलतात, तीच ती वाक्यं परत म्हणतात, आवाजात चढउतार कमी. पहिली वीस मिनिटं मला वाटलं ॲक्टिंग कच्ची आहे, डॉक्टरचं काम करणारी लिंडसे क्राउझ पाठ केलेलं म्हणून दाखवायलीय असं वाटलं. भाचा तर म्हणाला, "मामा, बंद करू का?" नंतर लक्षात आलं की इथं प्रत्येकजण कोणासमोर तरी काहीतरी म्हणून दाखवायलाच बसलाय, ती पण, पेशंटसमोर डॉक्टर असल्याचं. तरी सगळ्यांना हे आवडेल असं नाही, माझ्या बायकोला नाही आवडलं, ती उठून झोपायला गेली. माइकचं काम जो मँटेना करतो, त्याला मात्र तोड नाही. गोड बोलत नाही तो. आपले भामटे कसे नुसता पाक सोडतात जिभेवर, तसं नाही. हा शांत बोलतो, वर तिला सांगतो की आम्ही फसवणारे लोक आहोत, आमच्यापासून सांभाळून राहा. ज्यानं स्वतःच सांगितलं मी चोर आहे, त्याच्यावर संशय कसा घ्यायचा? आणि तो अंगठीवाला जुगारी म्हणजे रिकी जे, तो खऱ्या आयुष्यात पत्त्यांचा नावाजलेला जादूगार होता. त्याचे हात बघा पत्ते पिसताना, नुसते हात बघा.

आता ज्या सीनसाठी मी हे सगळं लिहायलो तो.

तिला शिकवायचं म्हणून माइक एका पैसे पाठवायच्या ऑफिसात घेऊन जातो, आपल्याकडं पूर्वी तार मनीऑर्डर यायची तसं, दुसऱ्या गावाहून कोणी पैसे पाठवले की खिडकीवर येऊन घ्यायचे. माइक तिथं बाकावर चिंतेत बसल्यासारखा बसतो. खिडकीवर विचारतो माझे पैसे आले का, नाही आले. तेवढ्यात एक तरुण सैनिक पोरगं येतं, त्याचेही पैसे यायचेत, त्याला बसनं त्याच्या तळावर परत जायचंय. दोघं बोलत बसतात. आणि माइक त्या पोराला म्हणतो, माझे पैसे आधी आले तर तुझ्या तिकिटाचे मी देतो, काळजी करू नको. बस, एवढंच. थोड्या वेळानं पोराचे पैसे येतात, आणि ते पोरगं माइकनं न मागता त्याच्यासमोर नोटा धरतं, की घ्या तुम्हाला लागतील. माइक घेत नाही, त्याला फक्त दाखवायचं होतं. बाहेर येऊन तो तिला समजावतो की लोकांना वाटतं समोरचा माझ्यावर विश्वास टाकतो म्हणून हा धंदा चालतो, तसं नाही, मी आधी माझा विश्वास त्याला देतो.

मी पिक्चर तिथं थांबवला. आमचे आबा पलीकडं खाटेवर पडले होते, मला वाटलं झोपलेत. ते उठून बसले होते आणि टीव्हीकडं बघत होते. आबांना इंग्रजी येत नाही, अक्षरं पण दिसत नाहीत एवढ्या लांबून. मला म्हणाले, "ह्यो आधी द्यायलाय, आन मंग घील."

आमचं गाव औसा तालुक्यात. दहा-बारा वर्षांमागची गोष्ट, आबा सोयाबीन घेऊन लातूरला मोंढ्यात आले होते. माल विकला, आडत्याकडून पट्टी घेतली, हमाली-तोलाई जाऊन हातात जे आलं त्यातले थोडे तिथंच खतवाल्याला दिले आणि बाकीचे बंडीच्या आतल्या खिशात घालून स्टँडवर येऊन बसले. शेजारी एक पोरगं येऊन बसलं, पंचवीसेक वर्षांचं, इस्त्रीचा शर्ट, जवळ काळी बॅग. म्हणालं, "काका, जरा बॅग बघता का, पाणी पिऊन येतो." गेलं आणि पाच मिनिटांत आलं. परत थोड्या वेळानं म्हणालं, "काका, लातूरला नवा आहे, गाडी कुठं लागती बघून येतो, तुमच्यासारखं माणूस दिसलं म्हणून ठेवायलो, नाहीतर मी बॅग कोणाजवळ ठेवत नाही, कंपनीचे पैसे आहेत." परत आलं. दोन वेळा त्यानं आबांजवळ बॅग ठेवली आणि दोन वेळा येऊन उघडूनसुद्धा बघितली नाही की सगळं आहे का. आबांनी त्याला धपाटं दिलं. आईनं दह्यासंगं खायला बांधून दिलेली चार धपाटी होती, दोन त्याला दिली. त्यानं खाल्ली. मग त्याला फोन आला, तो रडायलाच लागला, आई दवाखान्यात, आत्ताच्या आत्ता पैसे भरायचे, कंपनीच्या पैशाला हात लावता येत नाही, बॅगला कुलूप आणि चावी साहेबाकडं. तुमच्याजवळ बॅग ठेवून जातो, तासाभरात येतो, असतील तेवढे द्या.

साडेअकरा हजार. आबा संध्याकाळी सातपर्यंत स्टँडवर ती बॅग मांडीवर घेऊन बसले. शेवटची गाडी पण सोडली, का तर पोरगं आलं आणि मी नसलो तर त्याची बॅग? मग मला दुकानात फोन केला. मी जाऊन कुलूप तोडलं, आत जुनी वर्तमानपत्रं आणि दोन विटा. आबांनी विटेला हात लावून बघितला, आणि मला म्हणाले चल.

पोलिसात जाऊ म्हणलं तर नको म्हणाले. आईला पण वर्षभर कळू दिलं नाही. मला वाटायचं पैशाचं दुःख असंल, एका हंगामाचं बियाणं होतं ते. एकदा शेतात बसल्यावर बोलले, पैसे गेले त्याचं नाही रे, त्यानं माझ्याजवळ बॅग ठिवली व्हती. एवढंच बोलले.

मला ते तेव्हा नीट कळलं नव्हतं. हा सीन बघितल्यावर कळलं. आपल्याकडं लगेच म्हणतात, हाव नडली, लोभापायी बुडाला. पैसे दुप्पट करून देतो म्हणणाऱ्यांच्या बाबतीत ते असंलही. पण आबांना कसली हाव होती? त्यांना कोणीतरी भल्या माणसासारखं वागवलं, आणि त्यांनी भल्या माणसासारखं वागून दाखवलं. पिक्चरमधल्या त्या सैनिकाचंही तेच. आणि डॉक्टर बाईचं बघा, तिला पण पैसे नको असतात, तिला कोणाच्या तरी उपयोगी पडायचं असतं. पेशंटनं तू काही करत नाहीस म्हणलं तिथून सगळं सुरू झालं. भामटा आपल्यातलं वाईट शोधत बसत नाही, आपल्यातलं चांगलं कुठं आहे ते शोधतो आणि तिथं हात घालतो. हे एवढं स्वच्छ मी दुसऱ्या कुठल्या पिक्चरमध्ये बघितलेलं नाही.

इंग्रजीत या लोकांना कॉन म्हणतात तो शब्द कॉन्फिडन्सवरूनच आलाय. 1849 साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्पसन नावाचा माणूस पकडला गेला, तो चांगले कपडे घालून अनोळखी लोकांशी जुनी ओळख असल्यासारखा बोलायचा आणि विचारायचा की उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडं ठेवायचा विश्वास आहे का तुमचा? लोक घड्याळ काढून द्यायचे! पेपरवाल्यांनी त्याला कॉन्फिडन्स मॅन नाव दिलं. तो सरळ विश्वास मागायचा. माइक त्याच्या पुढचा, तो आधी देतो.

माझ्या काउंटरवर पण हे होतं. एकजण आला, म्हणला शेठ मागच्या वेळी तुम्ही दिलेल्या मलमानं आईचा गुडघा राहिला, लई उपकार झाले. वीस रुपयांची स्ट्रीप घेतली, पाचशेची नोट दिली. मी चारशे ऐंशी परत दिले. ते हातात धरूनच म्हणला, अरे थांबा, सुट्टे वीस आहेत की माझ्याकडं, हे घ्या, माझी पाचशेची द्या. दिली. लगेच विचारलं ओआरएस आहे का, एक्सपायरी बघा बरं त्याची. मी पाकीट फिरवून तारीख शोधायलो तोपर्यंत गडी गेला, चारशे ऐंशी पण घेऊन आणि पाचशे पण घेऊन. पिक्चरमध्ये पण हातचलाखीची एक-दोन कामं ते लोक तिला करून दाखवतात, त्यात हात महत्त्वाचे नसतात, बोलणं महत्त्वाचं असतं. आणि आता ते डिजिटल अरेस्टचं जे चाललंय, व्हिडिओ कॉलवर खोटे पोलीस, खोटं कोर्ट, ते सगळे सेट लावून नाटकच करतात की. त्यातही एक ओरडणारा असतो आणि एक हळू बोलणारा असतो, मी तुम्हाला यातून काढतो म्हणणारा. लोक पैसे त्या दुसऱ्याचं ऐकून पाठवतात. कोणाचं झालं असेल तर आबांसारखं गप बसू नका, 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, जेवढा लवकर कराल तेवढे पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

परत पिक्चरवर येतो. दुसऱ्या भागात एक सुटकेस आहे, ऐंशी हजार डॉलर आहेत, हॉटेलची खोली आहे आणि एक असं काहीतरी घडतं की डॉक्टर बाई पूर्ण अडकते. भाच्यानं मधेच ओळखलं काय होणार ते, तो असले पिक्चर लई बघतो. मी नाही ओळखलं. पण ओळखलं तरी फार बिघडत नाही असं मला वाटतं, कारण दुसऱ्यांदा बघताना सगळं माहीत असूनही मी माइकच्या तोंडाकडंच बघत बसलो. दोघांमधलं प्रेमाचं प्रकरण मात्र मला घाईत उरकलेलं वाटलं, एवढी हुशार बाई एवढ्या लवकर? एका खोलीत ती दुसऱ्याच्या टेबलावरचा छोटा चाकू गुपचूप पर्समध्ये टाकते, त्या एका गोष्टीनं जेवढं सांगितलंय तेवढं त्या प्रेमाच्या सीननं सांगितलं नाही.

शेवट मला पटला नाही, हे पण सांगतो. शेवटी बाई जे करते आणि त्यानंतर एका हॉटेलात, एका लायटरसोबत, जे करते, ते बघून अंगावर काटा येतो, बनवलंय भारी, ॲक्टिंग पण तिथं एकदम वरच्या दर्जाची आहे. पण फसल्यावर माणसाला लाज वाटते ना, महिनोन् महिने, जेवताना, झोपताना, ती लाज या पिक्चरनं पटकन ओलांडली. गुरू बाई तिला म्हणते स्वतःला माफ कर, आणि तिनं ते भलत्याच अर्थानं घेतलं. मला तिची ती लाज अजून थोडी बघायची होती. ज्यानं मांडीवर विटांची बॅग घेऊन सात वाजेपर्यंत बसलेला माणूस बघितलाय त्याला ते कमी पडतं.

लहान पोरांसोबत बघू नका, शिव्या आहेत, रक्त आहे. मोठ्यांनी जरूर बघा, मोबाईल बाजूला ठेवून बघा, कारण एक अंगठी, एक थेंब हुकला तर मजा जाते. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाला निघालो तर आबा ओट्यावर चहा पीत बसले होते. मला थांबवून म्हणाले, "त्या शिपाई लेकराला गाडी घावली का रं मंग?"

म्हणलं हो आबा, घावली, त्याचे पैसे पण त्याच्यापाशीच राहिले.

"बरं झालं," म्हणाले, आणि बशीत चहा ओतला.